मांडीवरचा निखारा: लिनक्सवर लॅपटॉप का तापायचा

(या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघातले 'अं' आणि 'म्हणजे' शक्य तितके काढलेत. राहिलेत ते राहू दिलेत.)

आज एका अगदी घरगुती गोष्टीचा इतिहास सांगणार आहे. लॅपटॉप तापतो, ठीक आहे, सगळेच तापतात. पण त्यात लिनक्स टाकलं की जास्त तापतो, पंखा विमानासारखा ओरडतो, हे आपण वर्षानुवर्षं ऐकत आलोय. हे खरं होतं का? आणि खरं असेल तर चूक कुणाची?

मला हा प्रश्न २०१६ च्या मे महिन्यात पडला. नागपूरला हॉस्टेलवर होतो, बीटेकचं पहिलं वर्ष. बाबांनी मावसभावाचा पाच वर्षं वापरलेला लॅपटॉप मला घेऊन दिला होता, पैसे दोन हप्त्यांत फेडून. मी उत्साहाच्या भरात त्यातलं विंडोज पुसलं आणि उबुंटू टाकलं. पंधरा दिवसांनी मिनी प्रोजेक्ट दाखवायला सरांसमोर बसलो, प्रोग्रॅम चालवला, आणि दीड मिनिटात स्क्रीन काळी. मशीन आपणहून बंद. सर म्हणाले, "फुकटचं टाकलं की असंच होणार." नंतर लॉग उघडून पाहिला तर त्यात कर्नलनं इमानदारीत लिहून ठेवलं होतं की तापमानाची शेवटची मर्यादा ओलांडली, म्हणून बंद करतोय. रात्री बाबांचा फोन आला. त्यांनी रागावून नाही, जपून विचारलं, "ते आधीचं होतं ते परत टाकता येत नाही का रे?"

मला ते झोंबलं. मग मी हट्टानं या विषयाच्या मागे लागलो. आज सांगतोय ते त्यातूनच गोळा झालेलं आहे.

सुरुवात नव्वदच्या दशकात करू. प्रोसेसरला काहीच काम नसतं तेव्हा तो काय करतो? आपल्याला वाटतं स्वस्थ बसतो. तसं नाही. सांगितलं नाही तर तो जागच्या जागी चकरा मारत राहतो. काम आहे का? नाही. काम आहे का? नाही. सेकंदाला लाखो वेळा. वीज खातो आणि तापतो. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये यावर एक सूचना होती, 'हॉल्ट' नावाची. अर्थ सरळ: कुणी उठवेपर्यंत गप्प बस. लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये हेलसिंकीत सुरू केलेलं लिनक्स रिकाम्या वेळेत ही सूचना वापरायचं. जुन्या लिनक्समध्ये बूट होताना स्क्रीनवर एक ओळ यायची, 'हॉल्ट सूचना तपासतोय, ओके' अशा अर्थाची, कारण काही चिपांवर ती सूचना दगा द्यायची. त्यांच्यासाठी ती बंद ठेवायची सोयही कर्नलमध्ये होती.

आणि विंडोज ९५? ते ही सूचना वापरत नसे. लोक रेन, वॉटरफॉल, सीपीयूआयडल असे छोटे प्रोग्रॅम वेगळे टाकायचे. त्यांचं काम एकच, प्रोसेसरला मधूनमधून झोपवणं.

म्हणजे बघा, एकेकाळी थंड राहणारं लिनक्स होतं. लिनक्स मुळात तापट नाही. अजून एक गंमत: १९९७ ते २००३ या काळात टोरवाल्ड्स नोकरी करत होता ती ट्रान्समेटा नावाच्या कंपनीत. त्या कंपनीनं जानेवारी २००० मध्ये क्रूसो नावाचा प्रोसेसर बाजारात आणला. त्याचं वैशिष्ट्यच हे की तो कमी वीज खातो आणि कमी तापतो. ज्याच्या नावावर आपण पंख्याचा आवाज खपवतो, तो माणूस थंड चिप बनवणाऱ्या कंपनीत बसला होता.

मग बिघडलं कुठे? बिघडलं ते लॅपटॉपच्या पोटात. डेस्कटॉपमध्ये प्रोसेसर झोपला की बहुतेक काम झालं. लॅपटॉपमध्ये पंखा कधी फिरवायचा, कुठल्या तापमानाला वेग कमी करायचा, कुठलं कार्ड बंद करायचं, हे सगळं त्या विशिष्ट मॉडेलपुरतं ठरलेलं असतं. आणि ते ठाऊक असतं बनवणाऱ्याला.

१९९२ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्टनं एपीएम नावाची पद्धत आणली. त्यात सगळा कारभार बायोसकडे. ऑपरेटिंग सिस्टिमनं फक्त म्हणायचं, 'मी रिकामी आहे', पुढचं बायोस बघून घेई. त्याच्या मनात काय चाललंय ते कुणाला कळत नसे. पण ज्याचं मशीन त्यालाच कारभार, त्यामुळे बरंच निभावून जायचं.

डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय आणलं आणि सगळं उलटं केलं. आता कारभार ऑपरेटिंग सिस्टिमकडे. बायोसनं फक्त तक्ते द्यायचे, ज्यात या मशीनमध्ये काय काय आहे आणि ते कसं चालवायचं ते एका छोट्या भाषेत लिहिलेलं असतं. ऑपरेटिंग सिस्टिमनं ते वाचायचं आणि त्याप्रमाणे वागायचं. तापमानाच्या पायऱ्याही त्यातच: इथे पंखा लाव, इथे प्रोसेसर हळू कर, इथे पोचलं की थेट बंद. माझं मशीन सरांसमोर बंद पडलं ते याच शेवटच्या पायरीवर.

घरमालकानं नव्या भाडेकरूला चाव्यांचा जुडगा द्यावा आणि सोबत कुठली चावी कुठल्या कुलपाची ती चिठ्ठी द्यावी, तसं हे. कल्पना उत्तम. अडचण एवढीच की चिठ्ठ्या चुकीच्या होत्या.

चुकीच्या का? त्या चिठ्ठीचं भाषांतर करणारे दोन कंपायलर होते, एक इंटेलचा, एक मायक्रोसॉफ्टचा. मायक्रोसॉफ्टचा सैल, बऱ्याच चुका पोटात घालणारा. लॅपटॉप बनवणारे विंडोजवर तपासायचे, चालतंय ना, मग पाठवा दुकानात. लिनक्स तीच चिठ्ठी नियमाप्रमाणे वाचायला जाई आणि अडखळे. २००३ च्या डिसेंबरात कर्नलची २.६ आवृत्ती आली, एसीपीआय नीट वापरात आलं, आणि लोक आपल्याच लॅपटॉपचा तक्ता बाहेर काढून, वाचण्याजोगा करून, चुका दुरुस्त करून परत बसवायला लागले. पंखा फिरावा म्हणून! आज सांगितलं तर खोटं वाटेल.

इथे एक ईमेल येतो. जानेवारी १९९९ मध्ये बिल गेट्स यांनी आपल्या माणसांना लिहिलेला. पुढे अमेरिकेत आयोवा राज्यात चाललेल्या एका खटल्यात तो पुरावा म्हणून बाहेर आला. आशय असा: हे एसीपीआयचं काम विंडोजपुरतंच राहील असं काही करता येईल का, कारण मेहनत आपण आणि आपल्या भागीदारांनी करायची आणि लिनक्स मात्र आयतं मस्त चालायचं, हे काही बरं नाही. लिनक्सवाल्यांच्या गप्पांत हा ईमेल हमखास निघतो. 'बघा, कट होता!' मीही कॉलेजात हेच सांगत फिरायचो. आता मला ते तितकं पटत नाही. त्यांच्या मनात आलं हे नक्की, पण एसीपीआयचा दस्तऐवज उघडाच राहिला, २०१३ मध्ये तर तो यूईएफआय फोरम या सामायिक संस्थेकडे गेला. कट करायची गरजच नव्हती. कारखान्यात एकाच ऑपरेटिंग सिस्टिमवर तपासणी होते, एवढं पुरेसं होतं.

याचा कळस पुढे आहे. त्या चिठ्ठीत बायोसला विचारता येतं, 'बाबा, तू कोण?' म्हणजे समोरची ऑपरेटिंग सिस्टिम कुठली. लिनक्स सुरुवातीला खरं सांगायचं, मी लिनक्स. मग बायोस अशा रस्त्यानं नेई जो कुणी कधी तपासलेलाच नसे. शेवटी कर्नलवाल्यांनी ठरवलं की खरं सांगायचं नाही. विंडोजची अमुक आवृत्ती आहेस का? हो. तमुक आहेस का? हो. लिनक्स आहेस का? नाही. आजही तुमचं लिनक्स हेच उत्तर देतं. स्वतःच्या नावाला नाही म्हणावं लागलं, तेव्हा कुठे घर नीट चालायला लागलं.

दरम्यान तापमान मोजायचं म्हटलं तरी धोका होता. एलएम-सेन्सर्स नावाचं साधन तेव्हापासून आजवर सगळे वापरतात. ते मदरबोर्डवरच्या चिपांना एकेक करून विचारत जाई, तू थर्मामीटर आहेस का? काही आयबीएम थिंकपॅडमध्ये या चौकशीनं एका चिपमधली माहितीच बिघडायची आणि लॅपटॉप सुरू व्हायचा बंद. ताप बघायला काखेत थर्मामीटर लावावा आणि रोगीच जावा! पुढे त्या साधनात अशी मशीनं ओळखून हात न लावण्याची व्यवस्था केली.

२००७ हे साल मात्र आनंदाचं. आधी थोडं मागचं सांगतो. कर्नलला ठरावीक वेळानं घड्याळाचा टोला पडतो. २.६ मध्ये तो सेकंदाला हजार वेळा पडायला लागला, नंतर तो अडीचशेवर आणला. काम असो नसो, प्रोसेसरनं उठायचं. कुणाला रात्रभर दर मिनिटाला हलवून 'झोपलास का' विचारलं तर तो काय झोपणार? एप्रिल २००७ मधल्या २.६.२१ आवृत्तीत थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोल्नार यांचं काम आलं: रिकामा असताना टोलाच नाही.

आणि तरी प्रोसेसर उठतच होता. मग मे महिन्यात इंटेलच्या आर्यन व्हान द वेन यानं पॉवरटॉप नावाचा प्रोग्रॅम काढला. तो फक्त यादी दाखवतो: कुठला प्रोग्रॅम सेकंदाला किती वेळा प्रोसेसरला उठवतोय. एवढंच, पण काय ती यादी! चॅटचे प्रोग्रॅम, मेलचे प्रोग्रॅम, पॅनेलमधली बारकी चित्रं, सगळे चोर रांगेत उभे. टर्मिनलमधला लुकलुकणारा कर्सरसुद्धा. तुम्ही चहाला गेलात तरी तो लुकलुकत राहायचा आणि प्रत्येक वेळी प्रोसेसरला उठवायचा. म्हणून तर काही वेळ हात लावला नाही की कर्सर स्थिर होतो, कधी पाहिलंय? ज्यांचे प्रोग्रॅम यादीत आले त्यांनी लाजेकाजेनं दुरुस्त्या केल्या. माझ्या मते लॅपटॉपच्या थंडाव्यासाठी कुठल्याही एका चिपनं केलं नसेल तेवढं काम या यादीनं केलं. दोष कुणाच्या माथी मारायचा यावर वाद घालत बसण्यापेक्षा कोण किती उठवतोय ते मोजलं.

आता माझ्या आवडत्या किश्श्याकडे येतो. मार्च २०११, कर्नल २.६.३८. एप्रिलअखेर आलेल्या उबुंटू ११.०४ मध्ये तेच कर्नल. आणि लोकांच्या लक्षात आलं की लॅपटॉप जास्त तापतोय, बॅटरी लवकर उतरतेय. फोरोनिक्सच्या मायकेल लॅराबेलनं आवृत्त्यांमागून आवृत्त्या मोजून काढल्या आणि जूनमध्ये गुन्हेगार शोधला: एएसपीएम. म्हणजे मदरबोर्ड आणि वायफाय, ग्राफिक्स वगैरे कार्डं यांच्यामधली जी वाट आहे, ती रिकामी असताना झोपवण्याची सोय. काही मशीनांचा बायोस सांगत होता, 'माझ्याकडे ही सोय वापरू नका.' नव्या कर्नलनं ते ऐकलं आणि सोय बंद केली. आज्ञाधारकपणे! आणि मशीन तापायला लागली.

लोक बूट होताना कर्नलला एक वाढीव शब्द देऊन ती सोय जबरदस्तीनं चालू करायचे. बहुतेकांचं भागायचं, काहींचं मशीन अडकायचं. उत्तर आलं ते नोव्हेंबरमध्ये, रेड हॅटमधल्या मॅथ्यू गॅरेटकडून. हा मूळचा अनुवंशशास्त्रातला डॉक्टरेट, म्हणजे माशांवर प्रयोग करून आलेला माणूस. फळमाशा, पापलेट नाही. त्यानं पाहिलं की विंडोज अशा वेळी नेमकं काय करतं. विंडोज सोय चालूही करत नव्हतं आणि बंदही करत नव्हतं. ते हातच लावत नव्हतं. बायोसनं स्वतः आधीच ती वाट झोपवायची व्यवस्था करून ठेवलेली असे आणि 'वापरू नका' याचा अर्थ होता 'आता तुम्ही लुडबुड करू नका'. लिनक्सनं त्याचा अर्थ 'बंद करा' असा घेतला होता. एका वाक्याचा अर्थ चुकला आणि जगभरच्या मांड्या भाजल्या. दुरुस्ती मार्च २०१२ च्या ३.३ कर्नलमध्ये आली.

मला हा किस्सा का आवडतो सांगू? दस्तऐवज उघडा होता, सगळ्यांनी वाचला होता, आणि तरी खरा नियम कागदावर नव्हताच. तो विंडोजच्या वागण्यात होता. लिनक्सवाल्यांची पंधरा-वीस वर्षं अशा न लिहिलेल्या नियमांचा माग काढण्यात गेली.

माझ्या लॅपटॉपचं दुखणं मात्र वेगळं होतं. त्यात दोन ग्राफिक्स चिपा होत्या. २०१० मध्ये एनव्हिडियानं ऑप्टिमस आणलं: रोजच्या कामाला इंटेलची साधी चिप, गेम लावला की एनव्हिडियाची मोठी जागी होणार, काम झालं की पुन्हा झोपणार. विंडोजवर. लिनक्ससाठी काहीच नाही. त्यामुळे मोठी चिप कामाशिवाय दिवसभर जागी, स्टोव्हसारखी तापत. तिला बंद करायचं बटण होतं, पण ते त्याच एसीपीआयच्या चिठ्ठीत, दर मॉडेलमध्ये वेगळ्या कोपऱ्यात लपवलेलं. लोकांनी एकेक मॉडेल चाचपून ती बटणं शोधली. २०११ मध्ये बंबलबी हा प्रकल्प निघाला. ऑप्टिमस प्राइमचा दोस्त म्हणून बंबलबी, ट्रान्सफॉर्मर्स पाहिलेल्यांना कळेल. त्याच्या सुरुवातीच्या इन्स्टॉलरमध्ये एका जागी चुकून एक मोकळी जागा पडली होती, आणि एक फोल्डर पुसायच्या ऐवजी सिस्टिमचा अख्खा यूएसआर फोल्डर पुसला जायचा. लॅपटॉप थंड झाला, हे मात्र खरं.

२०१२ च्या जूनमध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात टोरवाल्ड्सनं कॅमेऱ्याकडे बघून एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. त्याला विचारलेला प्रश्न याच ऑप्टिमसबद्दल होता, हे सहसा कुणी सांगत नाही. एनव्हिडियाच्या स्वतःच्या ड्रायव्हरमध्ये लिनक्सवर हवं तेव्हाच मोठी चिप वापरायची सोय २०१९ मध्ये आली. नऊ वर्षं.

तर मी २०१६ च्या उन्हाळ्यात हे सगळं वाचत, बंबलबी टाकत, कर्नलला वाढीव शब्द देत बसलो होतो. मोठी चिप बंद झाली तेव्हा काम नसतानाचं तापमान सात-आठ अंशांनी उतरलं. मी बाबांना फोन करून सांगितलं, झालं, सापडलं. पण जड काम दिलं की मशीन पुन्हा शंभराच्या दिशेनं जायचं आणि पुन्हा बंद.

एक साधी गोष्ट मी विसरलो होतो. पंखा मशीनला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा पन्नास अंशांनी गरम राहत असेल, तर पंचविसाच्या एसीत तो पंचाहत्तरला असतो आणि नागपूरच्या मे महिन्यात, पंचेचाळिसात, पंच्याण्णवला. बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बाहेरची हवा ३५ अंशांपर्यंत असावी असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. आमच्या खोलीतला कूलर दुपारी वीज गेली की बंद.

शेवटी रूममेटनं ओढून सीताबर्डीला एका दुरुस्तीवाल्या काकांकडे नेलं. त्यांनी माझं एसीपीआयवरचं भाषण शांतपणे ऐकलं. मग मागचं झाकण उघडलं, पंखा बाहेर काढला आणि मला दाखवला. पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये नमद्यासारखा जाड थर बसला होता. पाच वर्षांची धूळ आणि गादीचा कापूस, कारण मावसभाऊ गादीवर ठेवून सिनेमे बघायचा आणि मीही तेच करत होतो. काकांनी जुन्या टूथब्रशनं तो काढला, प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली पेस्ट खरवडून नवी लावली, आणि तीनशे रुपये घेतले. त्यानंतर ते मशीन आपणहून कधी बंद पडलं नाही.

हा भाग मी कित्येक वर्षं कुणाला सांगत नव्हतो. बंबलबी सांगायचो, गॅरेट सांगायचो, टोरवाल्ड्सचं बोट तर नक्कीच. कापूस गाळायचो. कॉलेजात दोघातिघांना मी तापलेल्या लॅपटॉपवर कर्नलचे उपाय लिहून दिले, झाकण उघडा असं एकालाही म्हटलं नाही. त्यातल्या एकाचा मदरबोर्ड पुढे गेला. कशानं गेला ते मी विचारलं नाही.

सरांचं म्हणणं अर्धवट खरं होतं, हेही मान्य करायला हवं. विंडोजवर मोठी चिप झोपली असती, मशीन थोडं थंड राहिलं असतं, आणि कापूस असूनही त्या दिवशी दीड मिनिटाऐवजी कदाचित माझं सादरीकरण पुरं झालं असतं. फक्त ते फुकटचं होतं म्हणून तापलं नाही.

आता 'तापायचा' असं भूतकाळात का म्हणालो? कारण आज बहुतेक लॅपटॉपवर हे फारसं उरलेलं नाही. इंटेलचं थर्मलडी २०१४ पासून उबुंटूत आपणहून येतं आणि शेवटच्या पायरीच्या बरंच आधी प्रोसेसरला आवरतं. ग्नोमच्या मेनूत वीज वाचवा, मध्यम, जोरात असे तीन पर्याय दिसतात आणि लोक ते न वाचताच वापरतात. काही कंपन्या तर लिनक्स टाकूनच लॅपटॉप विकतात, म्हणजे चिठ्ठी लिहिणाऱ्यानं ती एकदा तरी वाचून बघितलेली असते.

तो जुना लॅपटॉप बाबांकडे आहे. अजून लिनक्सच आहे, ते त्यावर वीजबिलं भरतात आणि कीर्तनं ऐकतात. मागच्या मे महिन्यात फोन आला, "पंखा फार ओरडतोय रे, बंद करू का?" मी विचारलं, कुठे ठेवलाय? गादीवर होता. आता लाकडी पाटावर ठेवतात.

पुढच्या भागात लॅपटॉपच्या बॅटऱ्या. भेटू.